मारुतीच्या पाण्याने पुसलेला फळा

ओल्या खडूचा वास आला की एक प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाच्या हातात बेड्याही पडल्या नाहीत. तरीही लक्षात राहिलेल्या प्रकरणांची यादी केली (याद्या करायची मला सवयच आहे, घरच्या किराण्यापासून प्रलंबित गुन्ह्यांपर्यंत) तर हे प्रकरण वरच्या ओळींत येते. नावे मी कोणाचीच देणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती मनात ठेवावी.

तेव्हा मी कोल्हापुरात जुन्या पेठांच्या हद्दीतल्या ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळचा क्रम ठरलेला असे. आधी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग कोठडीची पाहणी, आदल्या दिवशीचे अर्ज, आणि शेवटी चहाबरोबर गोपनीय अंमलदाराची बातमी. गोपनीय अंमलदार म्हणजे हद्दीत कुठे काय शिजते आहे ते साध्या वेशात फिरून कळवणारा माणूस. माझ्याकडे हे काम एका हवालदाराकडे होते. शिवाजी पेठेतच जन्मलेला, तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गुडघे गेले होते, पण आवाज गोलपोस्टमधलाच राहिला होता. गुप्त बातमीसुद्धा तो ठाणेभर ऐकू जाईल अशी सांगे.

त्या दिवशी तो म्हणाला, "सायेब, तालमीच्या फळ्यावर सरांनी कंपनीला धुतलंय. सकाळधरनं फोटो काढायला गर्दी हाय."

पेठेतल्या तालमीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. सामन्याची वेळ, कोणाच्या अंत्ययात्रेची वेळ, नळाला पाणी कधी येणार, शेजारच्या पेठेला मारलेला टोमणा, सगळे त्यावर येई. फ्लेक्स आले, मोबाइल आले, तरी हा फळा टिकून होता. निनावी लिहायचे नाही एवढा एकच दंडक मला ठाऊक होता. दुसराही एक होता, पण तो मला उशिरा कळला. सगळे प्रकरण त्यावरच फिरले.

सर म्हणजे महाविद्यालयात जन्मभर वाणिज्य शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. दर रविवारी ते तालमीच्या वरच्या खोलीत बसत आणि कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा ते येईल त्याला शिकवत. पेठेतले लोक तेव्हा मोबाइलवर शेअर घ्यायला लागले होते. रिक्षावाला, दूधवाला, सराफाकडचा कारागीर, सगळेच. कुठल्यातरी ग्रुपवर कोणीतरी 'घ्या' म्हणे आणि हे घेत. त्यात एका कंपनीचे तर वेडच लागले होते, कारण ती आपल्या गावची होती. शहराबाहेर तिची फाउंड्री, पंपाचे ओतीव भाग करणारी. पेठेतली कितीतरी माणसे तिथे कामाला. ती शेअर बाजारात उतरली तेव्हा पेठेत साखर वाटली गेली होती. कोल्हापूरकराला गावचा अभिमान आला की तो आकडे बघत नाही, हे मी इथे काढलेल्या सगळ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

सरांनी लिहिलेला मजकूर मी हवालदाराच्या मोबाइलवर वाचला. चारच ओळी होत्या. विक्री वाढली, पण गिऱ्हाइकांकडचे येणे, म्हणजे उधारीत अडकलेले पैसे, त्याहून जास्त वाढले. हिशेबतपासनीस मधेच सोडून गेले, कारण सांगितले नाही. मी माझे शेअर विकले, तुम्ही स्वतः अहवाल वाचून ठरवा. चोरांच्या हाती गाव देऊ नका. खाली स्वच्छ अक्षरात सही.

गर्दी शांत आहे ना, एवढे मी विचारले. "शांत कुठली, दोन गट पडल्यात. पर हात उचलण्यावर न्हाय," असे उत्तर मिळाले. मी डायरीत तशी नोंद घेतली आणि पुढच्या अर्जाकडे वळलो.

फोटो मात्र थांबला नाही. तो ग्रुपमागून ग्रुप फिरत राहिला, कोल्हापूर ओलांडून पुण्या-मुंबईपर्यंत गेला. कंपनीचा भाव पडला म्हणतात. किती पडला ते मी तेव्हाही विचारले नाही.

काही दिवसांनी कंपनीचे कायदा अधिकारी ठाण्यात आले. पुण्याचे गृहस्थ, नीट इस्त्रीचे कपडे, हातात रंगीत खुणांची फाइल. फळ्याच्या फोटोच्या मोठ्या प्रती काढून आणल्या होत्या. बरोबर शाहूपुरीतल्या कार्यालयातला एक कारकून होता, तो बसायला सांगितले तरी उभाच राहिला. साहेबांची मागणी सरळ होती. कंपनीची बदनामी झाली, सरांना अटक करा.

मी त्यांना जे सांगितले ते वाचकांनाही सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना हे माहीत नसते. बदनामी हा गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र आहे. त्यात पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत की वॉरंटाशिवाय अटक करू शकत नाहीत. आम्ही नोंद घेऊन फिर्यादीला न्यायालयाचा रस्ता दाखवतो. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांसमोर जायचे. लिहिलेले खरे होते का, लोकहिताचे होते का, सद्भावनेने दिलेले मत होते का, हे तिथे ठरते. ठाण्यात ठरत नाही. आता संहिता बदलली, कलमांचे आकडे बदलले, पण गाभा तोच आहे.

त्यांनी ऐकून घेतले, फाइल मिटली आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा फिर्यादीने बाळसे धरले होते. आता ती खंडणीची झाली होती.

नव्या फिर्यादीनुसार सर शाहूपुरीतल्या एका हॉटेलात त्यांना भेटले होते आणि म्हणाले होते, पैसे द्या, फळा पुसतो. नाहीतर कंपनीच्या वार्षिक सभेपर्यंत मजकूर तसाच राहील. साक्षीदार कारकून. त्याची सही फिर्यादीखाली होती.

खंडणी दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात ठाण्याची पायरी चढली नाही त्याला मी दुपारपर्यंत कोठडीत बसवू शकत होतो. फोनही यायला लागले. कोणाचे ते सोडा, ठाणे चालवणाऱ्याला ते येतातच. आणि फिर्यादीबरोबर एक तोडगाही आला होता. सरांनी लेखी माफी द्यावी, पुन्हा कुठल्याही कंपनीबद्दल जाहीरपणे लिहिणार नाही असे लिहून द्यावे, म्हणजे फिर्याद मागे. तो कागद टाइप करूनच आणला होता. फक्त सही बाकी.

व्यापारी वादात गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते. ती मुभा मी घेतली आणि सरांना निरोप पाठवला.

सर आले, बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. काकींच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि रक्तदाबाच्या गोळ्या. सरांच्या हातात कंपनीचा वार्षिक अहवाल, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. ते मला पान उघडून दाखवायला लागले. मी अहवाल मिटला आणि बाजूला ठेवला. म्हणालो, "सर, कंपनी चांगली की वाईट हे मला ठरवायचं नाही. हॉटेलात गेला होता का, एवढं सांगा."

गेलो होतो, असे त्यांनी लगेच सांगितले. त्या अधिकाऱ्यांनीच चहाला बोलावले होते. मजकूर मागे घ्या म्हणाले, पैशाचा विषय निघाला नाही. सरांनी नाही म्हटले.

"नाही म्हणजे नेमके काय म्हणालात?"

"मी म्हटलं, तुम्ही फळ्यावर या."

मला ते वाक्य आवडले नाही. कोल्हापुरात 'ये की तालमीवर' असे म्हटले की त्याचा अर्थ बरा नसतो. मी ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि धमकी म्हणून त्याच्यापुढे एक खूण केली. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध, आणि कारकुनाचे वजन फिर्यादीच्या बाजूला. सरांचे पारडे हलके होते.

मग मी चौथ्या ओळीबद्दल विचारले. चोर म्हणायला पुरावा काय? सरांचा हात पुन्हा अहवालाकडे गेला. काकी बोलल्या, "ती ओळ लिहू नका म्हणून मी सांगितलं होतं. वरच्या तीन ओळी अहवाल वाचून लिहिलेल्या, चौथी रागातली."

"अख्खं गाव तेच म्हणतंय," सर पुटपुटले.

"गाव कोर्टात उभं राहत नाही, सर," मी म्हणालो. "खाली सही तुमची आहे."

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला. मग हळू आवाजात विचारले, माफी लिहून दिली तर प्रकरण संपेल का? काकींनी नवऱ्याकडे बघितले आणि मान फिरवली. त्यांना सुटका हवी होती आणि ही सुटका नको होती, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसत होते. टाइप केलेला कागद माझ्या टेबलावरच होता. पेन पुढे सरकवले असते तर मीही मोकळा झालो असतो, फोनही थांबले असते. मी कागद खणात टाकला आणि सरांना म्हणालो, आज कशावरही सही करू नका, घरी जा, गोळी घ्या.

प्रकरण अडले की मी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे 'पाहिलेले', उजवीकडे 'सांगितलेले'. त्या संध्याकाळी उजवी बाजू भरली आणि डावी रिकामी राहिली. मीच नव्हे, ठाण्यातल्या कोणीही कागदोपत्री तो फळा पाहिला नव्हता. सगळ्यांनी फोटो पाहिला होता. तेव्हा पहिले काम, फळ्याचा पंचनामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पंच घेतले, फळा दाखवायला फिर्यादी कायदा अधिकाऱ्यांना बोलावले, कारकूनही आला. आम्ही तालमीत पोहोचलो तेव्हा पोरांच्या जोर-बैठका आटोपत आल्या होत्या. आत तांबड्या मातीचा वास, कोपऱ्यात शेंदरी मारुती, नुकताच न्हालेला. आणि बाहेरच्या भिंतीवरचा फळा ओला, काळा, कोरा.

अधिकारी माझ्याकडे वळले. पुरावा नष्ट केला, आता तरी अटक करा, असे त्यांचे म्हणणे होते. मीही चिडलो. कोणी पुसला, असे जरा चढ्या आवाजात विचारले.

तालमीचे वस्ताद खांद्यावर पंचा टाकून पुढे आले. वय झालेले, मान अजून खांबासारखी. "मी पुसला की."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"सांगाय कशाला पायजे? रोजच पुसतोय. मारुतीला पाणी घातलं की कळशीत उरल्यालं पाणी फळ्याला. माझ्या आधीचे वस्ताद बी असंच करायचे. कालचं काल गेलं. आजचं आज लिवा."

मी विचारले, मधेच कोणाला एखादा मजकूर पटला नाही तर? वस्तादांनी खुंटीला टांगलेल्या डब्याकडे बोट दाखवले. त्यात खडू होते. ज्याला पटले नाही त्याने खाली आपले उत्तर लिहायचे, सहीनिशी. दिवसभर दुसऱ्याच्या ओळीला कोणी हात लावायचा नाही. सकाळी दोघांचेही मारुतीच्या पाण्यात जाते. सरांच्या चार ओळी एकच दिवस फळ्यावर होत्या. पुढे फिरत राहिला तो फोटो.

तुम्ही फळ्यावर या. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. सरांनी त्या माणसाला उत्तर लिहायला बोलावले होते.

मी सावकाश म्हणालो, "वस्ताद, हे साहेब म्हणतात, फळा पुसायचे पैसे मागितले. नाहीतर मजकूर वार्षिक सभेपर्यंत राहील म्हणाले."

वस्तादांनी अधिकाऱ्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितले. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजीच होती. "पावणं, पुसायचं पैसं द्याला लागला हुतासा व्हय? आमी फुकट पुसतोय की."

व्यायाम करणारी पोरे हसली. कारकून हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. वीस माणसे हसत असताना जो एक हसत नाही, त्याच्याशी आधी बोलायचे, हे मला माझ्या पहिल्या फौजदाराने शिकवले होते.

ठाण्यात परतताना मी हवालदाराला विचारले, रोज पुसतात हे तुला माहीत होते? त्याला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "व्हय की. तुमास्नी म्हाईत न्हवतं? मला वाटलं ह्ये सगळ्यास्नी म्हाईत असतंय." ज्या गोष्टीत माणूस वाढतो ती त्याला बातमी वाटतच नाही. गोपनीय अंमलदारालाही वाटत नाही, सरांनाही वाटली नसावी.

कारकुनाला मी वेगळे बसवले. शाहूवाडीकडचा माणूस, घरी भातशेती, शहरात खोली घेऊन राहणारा. पहिली पक्की नोकरी. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि हॉटेलातल्या चहाबद्दलच विचारले. कोण कुठे बसले होते, आधी कोण उठले. दोन-तीन उत्तरांनंतर तो थांबला आणि म्हणाला, "सायेब, मी शेजारच्या टेबलाला हुतो. सर येवढंच म्हनले, फळ्यावर या. पैशाचं कायबी बोलणं झालं न्हाय. बाकीचं हापिसात लिवलं. मला सही कर म्हनले, मी केली." मग त्याने मला विचारले, नोकरी जाईल का? ते माझ्या हातात नाही, असे मी सांगितले. जबाब मात्र त्याने बदलला नाही.

त्या जबाबापुढे कायदा अधिकारी फार वेळ टिकले नाहीत. वाईट माणूस म्हणून ते माझ्या आठवणीत नाहीत. आठवडाभर त्यांना फोनवर तोच फोटो येत होता, म्हणून फळाही तसाच भिंतीवर आहे असे त्यांनी धरून चालले होते. तोवर पेठेत त्यांनी पाऊलही ठेवले नव्हते. मालकांनी त्यांना सांगितले होते, कायबी करा पण तो फळा बंद करा. वरचा माणूस 'कायबी करा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असते ते तो जाणे. खालचा माणूस मात्र त्यातले 'कायबी' तेवढे ऐकतो. अशा दोन शब्दांपायी बुडालेल्या पुष्कळ सरळ नोकऱ्या मी पाहिल्या आहेत.

चौकशी अहवाल गेला, दखलपात्र गुन्हा घडल्याचे दिसत नाही. खोट्या फिर्यादीबद्दलचा वेगळा अहवाल वरिष्ठांकडे गेला. टाइप केलेला माफीनामा मी खणातून काढून तसाच, सहीविना कंपनीला परत केला. बदनामीबद्दल न्यायालयाचा रस्ता तुम्हाला मोकळा आहे, हेही लिहून दिले.

त्या रस्त्याने मात्र कोणी गेले नाही. दुसऱ्या दिवशी सर तालमीत गेले आणि त्यांनी लिहिले, 'चौथी ओळ मी मागे घेतो. चोर म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. वरच्या तीन ओळी कायम.' खाली सही. काकी रस्त्याच्या पलीकडे भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, वाचून झाल्यावरच पुढे गेल्या.

दुपारी मालक स्वतः आले. मी बंदोबस्ताच्या निमित्ताने तिथे होतो, खरे तर बघायला गेलो होतो. ओतकामातून वर आलेला माणूस, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. त्यांनी दोन वेळा फळा वाचला. सरांना म्हणाले, "चोर म्हनलासा त्ये लागलं बगा. ते काढलंसा, बरं झालं." मग वस्तादांकडून खडू घेतला. सगळी पेठ बघत होती. मोठमोठ्या करारांवर सह्या करणारा तो हात फळ्यासमोर अवघडला. शेवटी एकच ओळ उमटली. 'येणे वसूल होईल.' खाली सही.

संध्याकाळी मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो, तर त्याखाली तिसऱ्याच कोणीतरी लिहिले होते, 'कवा?' आणि दंडकाप्रमाणे सही केली होती. सही आमच्या हवालदाराची होती. त्याच्याकडेही त्या कंपनीचे शेअर होते, हे मला तेव्हा कळले.

वसुली झाली का, भाव पुढे वर गेला की खाली, मला आजही माहीत नाही. तो पोलिसांचा विषय नव्हता. कारकुनाबद्दल मात्र मी चौकशी ठेवली. मालकांनी त्याला ठेवून घेतले, फाउंड्रीवर बदली केली. तिथे तो रमला असे ऐकले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे मला व्याख्यानांत विचारतात. मी तीन गोष्टी सांगतो. तुम्ही जे वाचले ते लिहा, तुम्हाला जे वाटते ते 'मला वाटते' म्हणून लिहा, आणि सिद्ध करता येत नाही तो शब्द लिहू नका, मग तो कितीही ओठांवर येवो. कंपन्यांना सांगतो, उत्तर द्या, खडू स्वस्त आहे. आणि नव्या अधिकाऱ्यांना सांगतो, फोटो म्हणजे जागा नव्हे, जाऊन बघा. व्याख्यान तिथे संपते.

व्याख्यानात न सांगितलेली गोष्ट अशी. माझी बदली झाली त्या आठवड्यात फळ्यावर ठाण्याचे नाव आले. 'ठाण्याच्या दारात जप्तीच्या गाड्या. शाळेच्या पोरांनी चालायचे कुठून?' खाली सरांची सही. हवालदाराने ती बातमी नेहमीप्रमाणे ठाणेभर ऐकू जाईल अशी सांगितली. माझे सामान बांधून झाले होते. गाड्यांचा प्रश्न येणाऱ्या निरीक्षकावर सोडता आला असता, तसे सगळेच करतात.

मी चालत तालमीत गेलो. डब्यातला खडू घेतला आणि गणवेशात, भर बाजारात, खाली लिहिले, 'मान्य. आजच हलवतो.' सही केली. बोटांना लागलेली खडूची पूड झटकली नाही, तशीच घेऊन ठाण्यात आलो आणि क्रेन बोलावली.

निवृत्त होऊन कोल्हापुरातच राहिल्यापासून सकाळी फिरायला जाताना मी वाट वाकडी करून त्या तालमीवरून जातो. वस्ताद आता नाहीत, त्यांच्या जागी दुसरे आले आहेत. सर काठी घेऊन येतात, पण अक्षर तसेच आहे. मी पोहोचतो तेव्हा मारुती नुकताच न्हालेला असतो, फळ्यावरून पाणी ओघळत असते, आणि आज पहिली ओळ कोण लिहिणार म्हणून दोघे-चौघे खडूच्या डब्यापाशी थांबलेले असतात. मीही थोडा वेळ थांबतो.